मधलं घर

१

सकाळी साडेनऊला मी आरोहीच्या कपाळाला हात लावून बघते, डबा पिशवीत टाकते, हातातल्या बांगड्या काढून देवाच्या फळीवर ठेवते आणि कामाला जाते. बांगड्या काढायचं कारण एवढंच, की दिवसभर मनगट टेबलावर घासतं आणि काच वाजत राहते. हिरव्या, खडेबाजारातून घेतलेल्या, दोन्ही हातांत सहा सहा. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, हे पहिल्यापासून पसंत नाही. त्या विधवा. त्यांच्या स्वतःच्या हातात काही नसतं.

कपाळाला हात लावायचं कारण दुसरं. आरोही साडेतीन वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना तापात तिला झटका आला, डोळे पांढरे झाले, आणि त्या वेळी मी जवळ नव्हते. नळावर होते. आत्यांची हाक ऐकू आली होती, पण घागर भरत आली होती म्हणून मी थांबले. भरेपर्यंत थांबले. पोरगी वाचली. पण घागर भरत येताना पाण्याचा आवाज बारीक होत जातो, तो माझ्या कानातून अजून गेला नाही.

म्हणून मी दुपारी बरोबर एकला घरी फोन लावते. आत्या उचलतात. मी विचारते, "अंग गरम न्हाय न्हवं?" त्या म्हणतात, "न्हाय बाई, न्हाय." मग आरोहीच्या कानाला फोन लावतात. ती बोलत नाही, नुसता श्वास घेते. तो ऐकला की मी डबा उघडते.

आमचं ऑफिस बेळगावजवळच्या मच्छ्यात, एका पत्र्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. नऊ बायका, नऊ कॉम्प्युटर. शिक्षणाची अट नव्हती, नजर चांगली पाहिजे एवढंच होतं. मी सातवी झालेली. काम असं, की कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायच्या आधी त्याचा नकाशा काढतात, घर बांधायच्या आधी काढतात तसा. त्यात चौकोन असतात आणि चौकोनातून चौकोनाकडं जाणारे बाण. आत इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचायची गरज नाही. ठेवण बघायची. चुकीची ठेवण दिसली की लाल खूण करायची. अशा हजारो खुणा बघून मशीन शिकणार आणि पुढं आपली आपण चुका धरणार.

मला हे अवघड गेलं नाही. माझं माहेर निपाणी. आई विड्या वळायची. संध्याकाळी कारखान्यात चेकर पुढ्यातला ढीग बोटांनी चाळायचा आणि वाईट विडी न बघता बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणतात. लहानपणी मी आईच्या मागं उभी राहून बघायची. तो विडीकडं कधी बघायचाच नाही. त्याच्या बोटांना कळायचं.

२

शिकवायला चिन्मयी मॅडम होत्या. बेळगावच्याच, वयानं माझ्याएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन चुका काढून दाखवल्या.

"ज्या चौकोनातून बाण निघतो, तो दुसऱ्यावर टेकलेला आहे. आता पहिली चूक. सगळेच्या सगळे एकावरच टेकलेत. तो पडला की सगळं पडलं."

माझ्या शेजारच्या खुर्चीवर राजाबाई होती, खानापूरकडची, दोन पोरांची आई. ती म्हणाली, "म्हंजी थोरली सून."

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या आणि ते नावच पडलं.

"दुसरी चूक. ह्याच्यावर कोणीच टेकलेलं नाही. मग तो ठेवायचा कशाला? काढून टाकता येतो." त्याला आम्ही परकं घर म्हणू लागलो. चौकोनांना तोवर आम्ही घरं म्हणायला लागलो होतो.

"तिसरी. हा त्याच्यावर टेकलाय आणि तो ह्याच्यावर. कुणीच आधी उभा राहू शकत नाही." तो फेरा.

मग त्यांनी प्रत्येकीला एकेक कागद दिला. म्हणाल्या, आपापल्या घरातली माणसं चौकोनात लिहा, कोण कुणावर टेकलंय त्याचे बाण काढा, म्हणजे डोक्यात बसेल. नवऱ्याचं नाव लिहायला सगळ्यांचीच पेन्सिल अडली. राजाबाईनं "मालक" लिहिलं. मी "हे" लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, आधार कार्डावर लिहिता ना?" राजाबाई म्हणाली, "ते सरकार लिवतंय. आमी कुटं लिवतोय?"

माझ्या कागदावर चार घरं होती, पहिलं माझं. नीलम, हे, आत्या, आरोही. आरोही दिवसभर आत्यांवर टेकलेली. आत्या ह्यांच्यावर. आणि तिघंही माझ्यावर. माझ्याकडून मी एक बाण आरोहीकडं काढला. मॅडमनी तो खोडरबरानं पुसला.

"असा काढलात तर फेरा होतो. ती तुमच्यावर टेकलीये ना? मग तुम्ही तिच्यावर कशा टेकणार? अडीच वर्षांच्या पोरीवर कोण टेकतं?"

ते बरोबर होतं. मी कागद दिला. मॅडमनी सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवले, पहिला सराव म्हणून. ते नंतर कुणी काढले नाहीत, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं.

३

आठ महिन्यांनी मशीन शिकलं. परकं घर ते झटक्यात धरायचं. फेराही. पण थोरली सून त्याला एकदाही दिसेना. मॅडम आमच्यावर चिडल्या.

"आठ महिन्यांत एकीनंही ही खूण केलेली नाही. पन्नास पन्नास बाण एका चौकोनावर येतात आणि तुम्ही सोडून देता?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. रोज त्याच ठेवणीचे नकाशे डोळ्याखालून गेले होते. त्यात काय चुकतंय ते आम्हाला दिसलंच नव्हतं.

"एकीवर सगळं चालतंय, तर चालू दे की," राजाबाई म्हणाली. "पडली न्हाय न्हवं ती?"

मशीन तेच शिकलं होतं. मॅडम म्हणाल्या, आता ते उलटं शिकवायला वेळ नाही.

त्यानंतर आमचं काम बदललं. आता लाल खूण मशीन करायचं, आणि खाली दोन बटणं यायची. होय आणि नाही. बायका दिवसभर होय दाबायच्या. माऊसला आम्ही उंदीर म्हणायचो. नऊ उंदरांचा टक टक आवाज, आणि कूलरचा.

४

एका गुरुवारी राजाबाई हसली. म्हणाली, "नीलम, हिकडं बघ. माझंच घर आलंय."

तिनं पहिल्या दिवशी काढलेलाच नकाशा होता, नीट रेघा मारून आलेला. मालक, दोन पोरं, ती, आणि कोपऱ्यात आण्णाप्पा. आण्णाप्पा म्हणजे तिचे सासरे. दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांच्या चौकोनाभोवती लाल खूण होती. खाली लिहिलं होतं, कोणी टेकलेले नाही, काढता येईल.

"खोटं न्हाय बगा," राजाबाई म्हणाली आणि तिनं होय दाबलं. चौकोन गेला, बाकीची घरं सरकून नीट बसली. आम्ही हसलो. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात जेवताना मी विचारलं, "मामंजी कसे हाईत?"

"कुणाचे?"

"तुझे गं. आण्णाप्पा."

ती भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. गल्लीतल्या एखाद्या जुन्या बिऱ्हाडाबद्दल विचारल्यावर माणूस आठवून बघतं तसं. मग म्हणाली, "आमच्यात कोण न्हाय गं तसलं," आणि खाऊ लागली.

त्या रविवारी मी मुद्दाम तिच्या खोलीवर गेले. सोप्यात खाट होती. गादी गुंडाळलेली. भिंतीवर खाटेच्या उंचीला डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. तिचा थोरला पोरगा खाटेवर कांदे पसरत होता. मी डागाकडं बघून विचारलं, हितं कोण झोपतं? तो म्हणाला, कोण न्हाय.

बसमध्ये मी मनाशी हिशेब लावला. म्हातारा वारला असेल. राजाबाईला बोलायचं नसेल. किंवा मला कुणीतरी सांगितलं असेल आणि मीच विसरले असेन. मी विसरते. झटक्यानंतरचे दोन महिने मला नीट आठवत नाहीत. तीन कारणं झाली, त्यातलं एक तरी खरं असणार असं म्हणून मी उतरले.

५

माझं घर सोमवारी आलं.

नीलम, हे, आत्या, आरोही. लाल खूण आरोहीभोवती. कोणी टेकलेले नाही, काढता येईल.

मी नाही दाबलं. नकाशा गेला. घड्याळात पावणेबारा झाले होते. एकपर्यंत मी थांबले नाही, फोन लावला. घंटी वाजत राहिली. शेवटच्या घंटीला आत्यांनी उचलला.

"काय गं, आत्ताच? हाय की, हितंच खेळतीया."

मागं आरोहीचा श्वास. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत बसले.

बुधवारी तो परत आला. मी नाही दाबलं. गुरुवारीही नाही दाबलं. तेव्हा मी मॅडमकडं गेले. खरं सांगितलं असतं तर मला वेडी म्हटलं असतं, म्हणून नुसतं विचारलं, की एकच नकाशा परत परत कसा येतो.

"तुम्ही नाही म्हणता आणि मशीनला होय वाटतं, म्हणून. एकाच माणसानं तीनदा नाही म्हटलं की ते दुसऱ्या कुणाला दाखवतं. तुमची चूक असू शकते ना?"

"दुसऱ्या म्हणजे?"

"बाजूच्या खुर्चीवर. कुणाकडंही."

मी मागं बघितलं. आठ बायका मान खाली घालून होय दाबत होत्या. वाचत कुणीच नव्हतं. निपाणीच्या चेकरसारखी बोटं चालली होती.

"आणि नकाशाच दुरुस्त केला तर?"

"करा की. परकं घर असेल तर त्याच्यावर कुणाचातरी बाण आणा. मग ते परकं राहत नाही."

६

तो चौथ्यांदा कुणाकडं जायच्या आत मला पाहिजे होता. मॅडम जेवायला गेल्यावर मी जुने नकाशे उघडले, माझा शोधला, आणि पहिल्या दिवशी पुसलेला बाण परत काढला. माझ्याकडून आरोहीकडं. रेघ दोनदा काढावी लागली.

आरोहीभोवतीची लाल खूण गेली. तेवढ्यात आम्हा दोघींभोवती मिळून एक लाल गोल आला. फेरा. एक बाण काढा, किंवा मध्ये घर घाला.

माझा बाण काढला की ती परत परकी. तिचा बाण काढला तर ती माझ्यावर टेकायची बंद होणार. मी खुर्चीवर बसून राहिले. मॅडम डबा धुऊन आल्या तेव्हा मी विचारलं, मध्ये घर घालणं म्हणजे काय.

"चांगला उपाय आहे तो." त्यांनी माझ्या कागदावर काढून दाखवलं. "मोठं घर आणि धाकटं घर एकमेकांना धरून बसलेत. मध्ये एक तिसरं घालायचं. धाकटं त्याच्या पदरात द्यायचं. मोठ्यानं फक्त मधल्याशी बोलायचं. एकमेकांना थेट हात लावायचा नाही. फेरा सुटला."

"पदरात दिलेलं घर परकं धरतं का मशीन?"

"नाही, कधीच नाही. ते मधल्याच्या जबाबदारीवर."

कधीच नाही. मी एवढंच ऐकलं.

मी ते निवडलं. माझ्या आणि आरोहीच्या मध्ये एक चौकोन आला. आत नाव नव्हतं. आरोहीला तो जाड रेघेनं जोडलेला होता, टोक नसलेल्या. माझ्याकडून त्याच्याकडं बारीक बाण. लाल कुठंच नव्हतं. खाली विचारलं होतं, होय का नाही.

मी होय दाबलं.

७

त्या दिवशी एकला फोन लावला तेव्हा आत्या म्हणाल्या, "न्हाय बाई, न्हाय." मग फोन आरोहीच्या कानाला जाताना मला काचेच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. किण किण. जवळून.

शेजारची कुणीतरी आली असेल. विचारावं असं मनात आलं. पण आरोहीचा श्वास इतका शांत होता, की मी डबा उघडला.

संध्याकाळी घरी गेले तर तिची वेणी घातलेली होती. भांग उजवीकडून. मी डावीकडून पाडते. आत्यांना विचारलं.

"तूच घातलीस की सकाळी."

मी घातली नव्हती. पण शपथ घे म्हटलं असतं तर घेतली नसती. देवाच्या फळीवर बांगड्या होत्या तिथंच होत्या. हातात घालताना त्या कोमट लागल्या. दुसऱ्या दिवशी ओल्या होत्या, आतल्या बाजूला साबणाचा फेस. आरोहीच्या अंगाला तोच वास होता.

त्यानंतर आरोही एकदाही आजारी पडली नाही. गल्लीत पोरांना ताप आला, गोवर आला, आमच्या दारावरून गेला. ती भाकरी खायला लागली. रडायची बंद झाली. मी आल्यावर पूर्वी ती पळत येऊन गुडघ्याला मिठी मारायची. आता दोन पावलांवर थांबते. आधी बाजूला वर बघते, कुणाच्यातरी तोंडाकडं बघावं तेवढ्या उंचीला. मग मान हलवते आणि मला म्हणते, "आलीस?"

एका रविवारी दुपारी ती सतरंजीवर झोपली होती. मी शेजारी आडवी झाले. आमच्यात हातभर जागा होती. मी सरकले. मी सरकून पण जागा तेवढीच राहिली. सतरंजी तिथं दबलेली होती. मी हात उचलून आरोहीच्या पाठीवर ठेवायला नेला आणि हात मध्येच टेकला. कशावर टेकला ते मी बघितलं नाही. ऊब होती. हळूहळू वर खाली होत होती. मी हात काढून घेतला आणि पंख्याकडं बघत पडून राहिले.

घाबरायला पाहिजे होतं. दोन वर्षं मी साध्या शिंकेला घाबरले. आता आत नुसतं दगडावर हात ठेवल्यासारखं वाटत होतं. माझी भीती कुणीतरी माझ्याकडून काढून घेतली होती आणि आरोहीची काळजी आता तेच मधलं घर वाहत होतं.

८

मागच्या शुक्रवारी ऑफिस लवकर सुटलं. आरोही नुकतीच दुपारनंतर अंगणवाडीत जाऊ लागली होती, मी थेट तिथं गेले. बाई कुलूप लावत होत्या. त्या कन्नड बोलतात. म्हणाल्या, "मगु आगले होय्तु." पोर आधीच गेलं.

"कुणाबरोबर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "निम्म जोतेने." मग मला कळलं नसेल असं वाटून मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तुम्हीच नेलंय की आत्ता."

मी रस्त्याकडं पळाले नाही. चालत गेले. समोरच्या कडेला आरोही उभी होती. एकटी. उजवा हात खांद्याच्या वर उचललेला, मूठ अर्धी मिटलेली. मोठ्या माणसानं बोट धरलं की पोराचा हात राहतो, तसा. ती पाऊल पुढं टाकणार तेवढ्यात तिचा हात मागं ओढला गेला, अख्खी पोरगी मागं आली, आणि ती जिथं असती तिथून एक टिपर गेला. धूळ उडाली. धुळीत, तिच्या हाताच्या वर, काहीतरी हिरवं चमकलं. सहा वेळा, एकाखाली एक. धूळ बसली तसं ते गेलं.

मी अलीकडच्या कडेला होते. मला ते अंतर माहीत आहे. मी पोचले नसते.

ती रस्ता ओलांडून आली, माझ्यापासून दोन पावलांवर थांबली, बाजूला वर बघितलं आणि म्हणाली, "आलीस?"

९

आज सकाळी मी वही घेऊन आले आणि हे सगळं लिहीत बसले. काम येतच नाही माझ्या कॉम्प्युटरवर. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघते हं," आणि पुढं गेल्या. परवापासून हजेरीत माझं नाव त्यांच्याकडून दोनदा राहिलं. आरोहीचे पप्पा डबा मागायला आता माझ्याकडं येत नाहीत, आणि तरी डबा घेऊन जातात.

साडेबाराला शेजारी राजाबाईचा हात थांबला. तो थांबत नाही म्हणून मी बघितलं.

तिच्या पडद्यावर आमचं घर होतं. हे, आत्या आणि आरोही नीट बसलेले. मध्ये तो बिननावाचा चौकोन. ह्यांचा बाण आता त्याच्याकडं होता, आत्यांचाही. सगळंच त्याच्यावर टेकलेलं, थोरली सून. त्याच्याभोवती लाल खूण नव्हती. ती कधी येणारही नाही, आम्हीच तसं शिकवलंय. लाल खूण कोपऱ्यातल्या घराभोवती होती. नीलम. कोणी टेकलेले नाही, काढता येईल.

राजाबाईनं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "ह्ये नाव कुटंतरी ऐकलंय बघा," ती म्हणाली. वर्षभर ती मला अगं म्हणत आली.

"माझं हाय," मी म्हटलं.

"तुमचं व्हय?" ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मग काय दाबू? तुमीच सांगा. मी जेवून येते तवर."

ती गेली. उंदीर तिथंच आहे, हाताच्या अंतरावर. नाही दाबलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. मला ठेवायचं तर बाण परत माझ्यावर आणायला मधलं घर काढावं लागणार, मग फेरा, मग फेरा सोडायला एक बाण जाईल. शेवटी लाल खूण कुणाभोवती येऊन थांबते ते मी बघितलंय.

एक वाजला. मी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"कोण बोलतंय?" आत्या म्हणाल्या.

"मी."

"मी म्हंजी? कोण पायजे तुमाला?"

"अंग गरम न्हाय न्हवं पोरीचं?"

आत्यांनी फोन तोंडापासून लांब धरून घरात कुणालातरी विचारलं, "कोण बाई हाय गं, आपल्या आरोहीचं इचारतीया." बांगड्या वाजल्या, जवळ जवळ येत गेल्या. फोन कुणीतरी हातात घेतला. मग तो आरोहीच्या कानाला लागला असावा. श्वास ऐकू आला. एकसारखा, खोल. मागं कुठंतरी नळाखाली घागर भरत होती, आवाज बारीक होत चालला होता, आणि भरायच्या आतच कुणीतरी नळ बंद केला.

राजाबाई हात पुसत आली. खुर्चीवर बसली. "व्हय का न्हाय, बाई?"

मी फोन कानाला तसाच धरला आहे. तिला सांगितलं, होय.